६७ पार झालं, मग बोलावणं का येत नाही?

(पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून आणि थोडक्यात देतोय.)

नाशिकचे एक वाचक, वय ३८, मेकॅनिकल इंजिनिअर, अंबडच्या एमआयडीसीत चौदा वर्षं नोकरी. पत्नी ३३ वर्षांची, फिजिओथेरपीत एमपीटी केलेली, एका हॉस्पिटलमधे सहा वर्षांपासून कामाला. मुलगा पहिलीत. घरी आई, शुगरच्या पेशंट. कॅनडाच्या पीआरसाठी (तिथे कायम राहायच्या परवानगीसाठी) एका कन्सल्टंटकडे गेले, त्यानं सांगितलं "६७ लागतात, तुमचे ७१ भरतात, तुम्ही क्वालिफाय झालात" आणि एक लाख ऐंशी हजारांच्या पॅकेजमधले चाळीस हजार घेतले. प्रोफाइल टाकून आठ महिने झाले, बोलावणं नाही. स्कोअर ३३० दिसतोय. आता कन्सल्टंट म्हणतोय पीएनपीतून (तिथल्या राज्यांच्या निवडीतून) करू, उरलेले पैसे भरा. ब्रॅम्प्टनचा मित्र म्हणतोय सरळ एखाद्या कॉलेजला ॲडमिशन घेऊन ये, बाकी इथे आल्यावर बघू. वाचक विचारतायत, "चाळिशीच्या आत झालं नाही तर विषयच संपला. नोकरी सोडून शिकायला जाऊ, की पीएनपीचे पैसे भरू?" आणि शेवटी कंसात: (स्पाउसचे पॉइंट मिळावेत म्हणून मिसेसनी पण आयईएलटीएस दिली, तिला लिसनिंग ८, रीडिंग ७.५, रायटिंग ७, स्पीकिंग ७ आले. मला ७.५, ६.५, ६.५, ७. डिग्री तपासणाऱ्या वेस संस्थेचे दोघांचे रिपोर्ट आलेत, तिचा मास्टर्सचा.)

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही त्या कंसात टाकून दिलीय. तिच्याकडे येतोच, पण आधी ते ६७ चं प्रकरण मिटवू, कारण घोळ तिथूनच सुरू झालाय, आणि हा घोळ तुमच्या एकट्याचा नाहीये, इकडे येणाऱ्या बऱ्याच पत्रांत तो असतोच.

कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्कर प्रोग्रॅमला १०० पैकी ६७ लागतात हे खरंय. भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, आणि नोकरीची ऑफर आणि ॲडाप्टेबिलिटी (तिकडे रुळण्याची शक्यता) यांना दहा-दहा. तुमचे मी मोजून बघितले, वयाचे ९, बी.ई.चे २१, अनुभवाचे १५, भाषेचे २१ आणि मिसेसच्या इंग्रजीचे ५, झाले ७१. कन्सल्टंट खोटं बोलला नाही. फक्त त्यानं अर्धंच सांगितलं. हे ६७ भरले की तुम्हाला एक्सप्रेस एंट्रीच्या पूलमधे, म्हणजे उमेदवारांच्या सरकारी ऑनलाइन यादीत, प्रोफाइल टाकता येतं, बास, एवढंच. (आणि प्रोफाइल टाकायला सरकार एक रुपया घेत नाही, हेही लक्षात असू द्या.) आत गेल्यावर दुसरी मोजणी चालू होते, सीआरएस, ती १२०० पैकी, आणि त्यात नंबर लावून वरच्यांना बोलावतात. तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून सांगतो, बारावी पास झालं म्हणून सीओईपीला नंबर लागत नाही ना, कॅप राउंडचा कटऑफ कुठे थांबतो त्यावर असतं, तसं आहे हे. तुमचे आठ महिने गेले ते कुणी तुमची फाइल दाबून ठेवली म्हणून नाही गेले. ३३० वर कुणी बोलावतच नव्हतं.

कटऑफ एवढा वर का गेला? एक तर कॅनडानं माणसंच कमी घ्यायचं ठरवलंय. २०२४ ला नव्या पीआरचं टार्गेट ४,८५,००० होतं, २०२५ ला ३,९५,००० केलं, २०२६ साठी ३,८०,०००. दुसरं म्हणजे, २०२५ च्या अख्ख्या वर्षात सगळ्यांसाठीचा खुला ड्रॉ, म्हणजे बोलावण्यांची फेरी, एकही झाला नाही. जे झाले ते कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी, राज्यांनी निवडलेल्यांसाठी, फ्रेंच येणाऱ्यांसाठी, हेल्थकेअरवाल्यांसाठी, थोडे शिक्षक आणि ट्रेडवाल्यांसाठी. मेकॅनिकल इंजिनिअर हे नाव स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आहे, पण त्या गटाचा २०२५ मधे ड्रॉच निघाला नाही. म्हणजे भारतात बसून, नुसत्या इंग्रजीवर, मेकॅनिकलच्या अनुभवावर बोलावणं यायची वाट सध्या जवळजवळ बंद आहे. हे कन्सल्टंटला माहिती नसेल असं मला तरी वाटत नाही.

आता तो कंस.

तुम्ही गृहीत धरलंय की मुख्य अर्जदार तुम्ही आणि मिसेस तुमच्या पॉइंटांना टेकू. फॉर्ममधे असं कुठेही लिहिलेलं नाही. नवरा-बायकोपैकी कुणीही मुख्य अर्जदार होऊ शकतं, दोघांनी वेगवेगळी प्रोफाइलं टाकून एकमेकांना स्पाउस दाखवलं तरी चालतं, आणि ज्याचं बोलावणं येईल त्याच्या अर्जात दुसरा आणि मुलगा येतातच, तिघांना सारखीच पीआर. "तिच्या व्हिसावर गेलेला" असा काही शिक्का तुमच्या पीआर कार्डवर नसतो.

मी दोघांचं मांडून बघितलं. तुमचं असं, वयाचे ५५, बी.ई.चे ११२, भाषेचे ९५, मिसेसच्या शिक्षणाचे आणि इंग्रजीचे मिळून ३०, आणि अनुभव-शिक्षण-भाषा यांच्या जोडणीचे ३८. एकूण ३३०, तुम्हाला दिसतोय तोच आकडा. आता तीच मुख्य अर्जदार धरा. वयाचे ८०, मास्टर्सचे १२६, चारही भागांत सीएलबी (कॅनडाची भाषेची मोजपट्टी) ९ आहे म्हणून भाषेचे ११६, तुमचे स्पाउस म्हणून २२, आणि जोडणीचे पूर्ण १००. एकूण ४४४. तीच दोन माणसं, तीच कागदपत्रं, तीच परीक्षा, फक्त अर्जावरचं पहिलं नाव बदललं की ११४ पॉइंट वाढले! एक लाख ऐंशी हजार मागणाऱ्या माणसाला हे एकदाही सुचू नये याचं मला खरंच नवल वाटतं.

जोडणीतला फरक एवढा का पडतो तेही सांगतो, इतरांना उपयोगी पडेल. सगळ्या चारही भागांत सीएलबी ९ असेल तरच ते पूर्ण पॉइंट देतात, म्हणजे आयईएलटीएस जनरलला लिसनिंग ८ आणि बाकी तिन्हीत ७. तुमचं स्पीकिंग तिथे पोचलंय, पण लिसनिंग अर्ध्या बँडनं कमी आहे आणि रीडिंग-रायटिंग पण अर्ध्याच बँडनं, आणि त्या अर्ध्या-अर्ध्या बँडांपायी जोडणीत १०० ऐवजी ३८ पडले. (तुमचं नुसतं बी.ई. असल्यानं १०० नाही, ७५ झाले असते, पण तरीही.) ज्यांचं असं अर्ध्या बँडवर अडकलंय त्यांनी डिग्री, डिप्लोमा, दुसरं काहीही करायच्या आधी परीक्षा परत द्यावी, याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

पण ४४४ म्हणजे काम झालं असं नका समजू. फिजिओथेरपिस्ट हेल्थकेअरच्या यादीत आहे, आणि २०२५ मधले त्या गटाचे कटऑफ साधारण ४६० ते ५१० च्या पट्ट्यात राहिले. म्हणजे आपण पट्ट्याच्या थोडे खाली आहोत. मिसेसनी परत बसून ८.५, ८, ७.५, ७.५ काढले तर सीएलबी १० होतं आणि १२ वाढतात. तुम्ही तुमचे ते अर्धे बँड भरून काढले तर स्पाउस म्हणून आणखी ६. झाले ४६२. पट्ट्याच्या अगदी तळाला पाय टेकला. शक्य आहे, खात्री नाही, आणि पुढच्या ड्रॉमधे आकडा कुठे जाईल हे मी सांगू शकत नाही आणि जो कुणी सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गटात बसायला किती महिन्यांचा अनुभव लागतो तेही मधेमधे बदलतं, ज्या दिवशी प्रोफाइल टाकाल त्या दिवशीचं सरकारी पान वाचा.

फ्रेंचचं कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच बोलतो. मुख्य अर्जदाराला फ्रेंच चारही भागांत लेव्हल ७ ची आली, म्हणजे साधारण बी२, तर इंग्रजीच्या जोडीला ६२ पॉइंट वाढतात आणि शिवाय फ्रेंचचे वेगळे ड्रॉ असतात, मार्च २०२५ मधे त्यातला एक ३७९ ला गेला होता. ऐकायला भारी आहे. पण ओपीडी, संध्याकाळचा स्वयंपाक आणि पहिलीतल्या पोराचा अभ्यास सांभाळून शून्यापासून बी२ म्हणजे दीड-दोन वर्षं धरा, आणि ती दीड-दोन वर्षं तिची जाणारेत, तुमची नाही. घरातली कामं तुम्ही अंगावर घेणार असाल तरच हा विषय तिच्याकडे काढा.

आणि हो, तिच्याकडे विषय काढण्यावरून. एवढ्या लांबलचक पत्रात तुमच्या मिसेसना कॅनडाला जायचंय का, हे कुठेच नाहीये. परीक्षा दिली, रिपोर्ट आणला, पण इच्छा आहे का? आत्तापर्यंत ती तुमच्यासोबत येणार होती. मुख्य अर्जदार झाली की करिअर पणाला लागतं ते तिचं, कारण पीआर मिळणं आणि फिजिओ म्हणून काम करता येणं यांचा तिकडे एकमेकांशी काही संबंध नाही. पेशंटला हात लावायचा तर त्या राज्याचं लायसन्स लागतं, त्याच्या आधी कॅनेडियन अलायन्स ऑफ फिजिओथेरपी रेग्युलेटर्सकडून शिक्षणाची तपासणी, मग त्यांची परीक्षा. वेळ जातो, पैसे जातात, आणि मधल्या काळात इथे स्वतःचे पेशंट असलेली बाई तिथे असिस्टंट म्हणून दुसऱ्याच्या हाताखाली उभी असते. काही जणी हे हसत करतात, काही जणी दोन वर्षांत कंटाळतात. तपासणीचं बरंचसं काम नाशिकला बसून सुरू करता येतं, तेव्हा ते पीआरच्या आधी किंवा बरोबरीनं सुरू करा, तिकडे उतरल्यावर नाही. तुमचंही थोडंसं तसंच आहे, "इंजिनिअर" म्हणून सही करायला तिकडे लायसन्स लागतं, पण क्वालिटी, प्रॉडक्शन, डिझाइन अशा जागांवर त्याशिवाय काम मिळू शकतं, म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष घर तुमच्या पगारावर चालेल असं धरून हिशेब करा.

चाळिशीचं काय, तर ती एवढी मोठी भिंत नाहीये. जोडीनं अर्ज करणाऱ्याचे वयाचे पॉइंट तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वर्षी पाचानं कमी होतात, चाळिशीला ४५ उरतात, त्यानंतर दर वर्षी दहा जातात आणि पंचेचाळिशीला शून्य. म्हणजे ३९ आणि ४० मधे पाचाचा फरक, एवढंच. ज्या घाईनं तुम्ही नोकरी सोडायला निघालात तेवढी घाई करण्यासारखं त्या वाढदिवसाला काही घडत नाही. तुमच्या वयाचं नुकसान होऊन गेलंय. जपायचं असेल तर तिचं वय जपा.

आता तुमचे दोन पर्याय, म्हणजे तुम्ही विचारलेले.

कॉलेजचा पर्याय मी तुमच्या जागी असतो तर घेतला नसता. ब्रॅम्प्टनचा मित्र त्याच्या वेळचं सांगतोय, तेव्हा साध्या पीजी डिप्लोमाला गेलं तरी बायकोला ओपन वर्क परमिट (कुठेही नोकरी करायची परवानगी) मिळायचं आणि दोघं कमवायचे. २०२४ मधेच ते बंद झालं, आणि जानेवारी २०२५ पासून नवरा किंवा बायको निदान १६ महिन्यांच्या मास्टर्सला, पीएचडीला किंवा ठरावीक प्रोफेशनल कोर्सला असेल तरच जोडीदाराला ते परमिट मिळतं. म्हणजे ३८ व्या वर्षी पगार बंद, लाखांत फी, घरावर कर्ज, मिसेस आणि मुलगा नाशिकला, आणि एवढं करून शेवटी त्याच पूलमधे उतरायचं, तेही ४० च्या आसपास. पंचविशीतल्या मुलाला मी कदाचित वेगळं सांगितलं असतं.

पीएनपी ही खरी गोष्ट आहे, राज्यानं नॉमिनेट केलं तर थेट ६०० पॉइंट मिळतात आणि मग बोलावणं जवळपास नक्कीच. पण नॉमिनेट कुणाला करायचं ते राज्य ठरवतं, त्यांना जिथे माणसं कमी आहेत ते बघून, आणि ते कुठल्याही कन्सल्टंटच्या खिशात नसतं. "पीएनपीतून करून देतो" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, कुठलं राज्य, कुठला स्ट्रीम, माझ्या कामाचा कुठला कोड त्यात बसतो, आणि तो स्ट्रीम आज चालू आहे का. उत्तरं लेखी मागा. आणि तो कॅनडातल्या नोकरीचं ऑफर लेटर विकत घेऊन देतो म्हणाला तर उठून या. ऑफरचे जे ५० किंवा २०० पॉइंट सीआरएसमधे मिळायचे ते मार्च २०२५ मधेच काढून टाकलेत, आणि खोटं पत्र सापडलं तर पाच वर्षं अर्ज करायला बंदी. "बँकेत फंड दाखवून देतो" यालाही हेच लागू.

फंडाचं नीट बोलू, कारण आपल्याकडे इथेच सगळ्यात जास्त चुकतं. तिघांच्या कुटुंबाला २०२५ च्या आकड्यानं २३,३६० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, रुपयात पंधरा लाखांच्या आसपास, आणि आकडा दर वर्षी वाढतो. उसने आणलेले चालत नाहीत, सिन्नरची जमीन चालत नाही, राहता फ्लॅट चालत नाही. बँकेच्या लेटरहेडवर खातं कधी उघडलं, आज किती आहेत, सहा महिन्यांची सरासरी किती आणि कर्ज काय आहे हे लागतं, म्हणून आदल्या आठवड्यात सासऱ्यांनी टाकलेले दहा लाख लगेच डोळ्यांवर येतात. त्यांनी खरंच भेट दिली असेल तर तसं गिफ्ट डीड करा आणि लवकर करा. सरकारी फी वेगळी, २०२४ च्या दरानं दोघं मोठे आणि एक मुलगा मिळून ३,३१० डॉलर, वर बायोमेट्रिक्स आणि मेडिकल.

दुसरा अडकणारा कागद म्हणजे अनुभवाचं पत्र. आपल्या हॉस्पिटलांची पद्धत असते, "सौ. अमुक या आमच्याकडे तमुक तारखेपासून कार्यरत असून त्यांची वर्तणूक चांगली आहे." याचा उपयोग शून्य. पत्रात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि रोजचं काम असायला लागतं, आणि ते काम फिजिओथेरपिस्टच्या कोडशी, म्हणजे ३१२०२ शी, जुळायला हवं: पेशंटचं असेसमेंट, गुडघा बदलल्यानंतरचा एक्सरसाइज प्लॅन, स्ट्रोकनंतरचं रिहॅब, रेकॉर्ड ठेवणं, असं. कोडच्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी उचलू नका, तिथे बसलेल्यांना ती पाठ असतात. एचआर म्हणेल आमचा फॉरमॅट ठरलाय. मग तो फॉरमॅट घ्या आणि विभागप्रमुखांकडून कामाचं वेगळं पत्र घ्या, सोबत पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६. आणि ती संध्याकाळी गंगापूर रोडला होम व्हिजिट करत असेल, बऱ्याच जणी करतात, तर ते पैसे आयटीआरमधे दाखवलेले असतील तरच त्यांचा विचार करा, नाहीतर हॉस्पिटलचा अनुभव पुरेसा आहे, उगाच गुंता नको.

बोलावणं आलं की ६० दिवसांत सगळं अपलोड करायचं असतं, म्हणून हे कागद आत्ताच गोळा करायला लागा. ज्यांनी अजून वेस केलेलं नाही त्यांनी ट्रान्सक्रिप्टपासून सुरुवात करा, विद्यापीठातला तोच टप्पा रेंगाळतो.

काही जण एक शक्कल सांगतील, नवऱ्याला "सोबत येणार नाही" असं दाखव म्हणजे एकटीचे पॉइंट मिळतील. करून बघितलं, तुमच्या केसमधे ४४४ चे ४४७ होतात. तीन पॉइंटांसाठी संसार कागदावर तोडायची काही गरज नाही, आणि खरंच सगळे जाणार असताना तसं लिहिणं म्हणजे खोटंच.

आईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मला वाटतं मुद्दाम. त्यांना कायमचं नेता येईल या भरवशावर राहू नका, आई-वडिलांच्या स्पॉन्सरशिपला २०२० नंतर नवीन नावनोंदणी घेतलेलीच नाही, जुन्याच यादीतून बोलावत होते. सुपर व्हिसा मात्र आहे, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण निदान एक लाख डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स काढावा लागतो आणि शुगर असली की त्याचा प्रीमियम चांगलाच चढतो. त्यांना तिकडे करमेल का हा प्रश्न वेगळाच, तो त्यांनाच विचारा. आणि पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, म्हणजे गरज पडली तर तुमच्यापैकी एकाला काही महिने नाशिकला येऊन राहता येईल एवढी सवड त्यात असते. न जाणं हाही यातला एक पर्याय आहे, आणि सहा वर्षांचे पेशंट बांधलेली फिजिओ आणि चौदा वर्षांचा अनुभवी इंजिनिअर यांच्यासाठी तो काही हरलेल्यांचा पर्याय नाही.

तर मी काय करेन? कन्सल्टंटला एक रुपया अजून देणार नाही. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला द्यायला तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचं लायसन्स लागतं किंवा माणूस तिथला वकील लागतो, त्याचा नंबर मागा आणि कॉलेजच्या साइटवर नाव शोधा. सापडलं नाही तर चाळीस हजार ईमेलवर परत मागा, फोनवर नको. प्रोफाइलचा लॉगिन, पासवर्ड आणि ते सिक्युरिटीचे प्रश्न स्वतःच्या ताब्यात घ्या, बऱ्याच ठिकाणी ईमेल आयडीसुद्धा कन्सल्टंटनंच बनवलेला असतो. मग एखाद्या रविवारी मुलगा आजीकडे असताना मिसेससमोर हे दोन्ही हिशेब ठेवा, लायसन्सच्या भानगडीसकट, आणि ती काय म्हणते ते ऐका. नको म्हणाली तर तिथेच थांबायचं. हो म्हणाली तर तिचं प्रोफाइल वेगळं टाका, तुमचं आहे तसं राहू दे, आणि दोघांनी आयईएलटीएसची तारीख घ्या, तिचा चौतिसावा वाढदिवस यायच्या बरीच आधीची, कारण त्या दिवशी पाच पॉइंट जातात. नाशिकला तारीख मिळाली नाही तर पुण्याची घ्या.